जिल्हा कुणाच्या नावावर

सोमवार, ४ ऑगस्ट
पुण्याहून चहाच्या कंपनीचा मेल. जूनमध्ये ह्यांना लकवा झाला, वाचा गेली, हे तिथवर कुणी पोचवलं देव जाणे! करारात आहे म्हणे — मालकाला तीन महिने काम बघता आलं नाही तर जिल्ह्यात कंपनीच्या नावाने दुकानं चालवायचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा, तोही कंपनीला पसंत पडेल त्याच्या. नाहीतर परभणी जिल्हा परत. म्हणजे स्टेशन रोडचं चहाचं दुकान, गंगाखेडचं, आणि पाथरीचं अजून उघडायचं आहे ते — सगळंच! मुदत ५ सप्टेंबर.

जिल्हा मिळवायला ह्यांनी पुण्याला किती चकरा मारल्या. पण गल्ल्यावर पहिल्या दिवसापासून कोण बसतंय? मी! कागदावर मात्र मी कुणीच नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट
धाकटे दीर आले होते. आदिनाथभाऊजी म्हणाले, "वैनी, गंगाखेडचं माझ्या नावावर करून टाका, परभणीचं तुमी ठेवा. घरातच ऱ्हायलंय की!" मलाही पटलं. मंजुषाताई वकिलांना विचारलं तर त्या हसल्याच. जिल्ह्याचे तुकडे करता येत नाहीत. द्यायचा तर अख्खा, एकालाच. विका, बक्षीस द्या, नाहीतर सख्ख्या भावाला द्या — आधी कंपनीची लेखी परवानगी.

भाऊजी तोंड पाडून गेले. वावर असतं तर मध्ये बांध घालून मोकळे झालो असतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
हे आजही बोलले नाहीत. हं नाही की हूं नाही. नवस बोलून झाले, आता कुणाला बोलू?

शनिवार, १६ ऑगस्ट
जिल्हा माझ्या नावावर करा म्हणून अर्ज दिला होता, त्यासाठी बोलावलं होतं; आज मी पुण्याहून परत आले. ट्रेनिंगमध्ये मला चहा करायला शिकवलं! मुकाट मान डोलावली. शेवटी मुलाखत. साहेब म्हणाले, "मिस्टरांशिवाय जमेल का तुम्हाला?" असा राग आला! "जमायलंय की, जूनपासून," म्हटलं. येताना गाडीभर धाकधूक — जास्त तर बोलले नाही ना?

शुक्रवार, २९ ऑगस्ट
परवानगी आली!! माझ्या नावाने! आता फक्त कागदावर ह्यांचा अंगठा, साक्षीदारांसमोर.

लगेच नवा बोर्ड करून घेतला. खाली माझं नाव — 'प्रोप्रा. सौ. पंकजा'. घरी आणून ह्यांच्या खाटेसमोरच उभा केला. हे बघतच राहिले. डोळे भरून आले ह्यांचे. लय बरं वाटलं मला.

मंगळवार, २ सप्टेंबर
हे जेवेनात. खिचडी तशीच. सारखं भिंतीकडे तोंड. भाऊजी म्हणतात, "दादासमोर बोर्ड ठेवायचाच न्हवता, वैनी." जळतात, दुसरं काय!

गुरुवार, ४ सप्टेंबर
मंजुषाताई कागद घेऊन आल्या. साक्षीदारही आले. मी ह्यांच्या अंगठ्याला शाई लावली. ह्यांनी हात ओढून घेतला, मूठ घट्ट आवळली. आणि बोलले! जूननंतर पहिल्यांदा.

"मी… हाय."

मीच बोर्ड उलटा, भिंतीकडे तोंड करून ठेवला. मुदत उद्या.