उभ्या धानाचा ताबा

कुरखेडा, बुधवार, १५ ऑक्टोबर १९८६

आज बाबांना शेताचा ताबा मिळाला. मी लहान असताना सरकारने रोपवाटिकेसाठी आमच्या बौद्ध मोहल्ल्यातलीच शेतं घेतली; पाटलाच्या बांधाला हात लावला नाही. रोपवाटिका कधी झालीच नाही. कोर्टाने आता जमीन परत दिली, पण मधल्या काळात सरकारनेच ती धरणात गाव बुडालेल्या एका गोंड बाईला कसायला दिली होती. तिचा धान उभा होता, लोंब्या भरत आलेला.

तलाठी कागद देऊन निघून गेला. ती बाई बांधावर आली. "भाऊ, आता आमी कुठी जाऊ?"

बाबांनी धानाची एक लोंबी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "कापून घे बाई. मंग पाहू."

परतताना मी चिडले. "बाबा, इतके वर्षं भांडले तुमी, मंग असं काऊन सांगतलं?"

"मले हाकललं तवाबी धान उभाच होता."

चिडायला नको होतं का मी? बाबा न जेवताच झोपले. आई असती तर त्यांच्याशी कडाकडा भांडली असती, आणि मग विळा घेऊन त्या बाईच्या सोबतीला कापणीला गेलीही असती. मी नुसती थकले आहे.