संबोधीनं दिलेली डबल बेल

मु. पो. पळसदेव, ता. इंदापूर

आदरणीय सावळारामदाजी यांस,

तुमचा धाकटा मेव्हणा धोंडीबा याचा दोन्ही हात जोडून जय भीम. अक्कालाही जय भीम. आम्ही इथं सगळे खुशाल आहोत. मोरगावात तुमच्या शेळ्या, तुमची बाजरी आणि तुमचा राग ही तिन्ही जोमात असतील असं धरून चालतो. (फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात तुम्हाला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र.)

आमच्या संघपालची लेक संबोधी आता सव्वादोन वर्षांची झाली. ती जन्मली तेव्हा तुम्ही फोनवर विचारलं होतं, पोरगी कशी आहे; आणि मी ‘बरी आहे’ एवढंच बोलून फोन ठेवला होता. खरं ते आज लिहितो. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की तिला डाउन सिंड्रोम आहे, अंग जरा सैल राहील, बसणं, चालणं, बोलणं सगळं उशिरानं येईल, पण येईल. मला त्यातलं ‘उशिरानं’ तेवढं ऐकू आलं. सूनबाईला, म्हणजे दिशाला, ‘पण येईल’ हे ऐकू आलं. एकाच बाकावर बसून, दाजी! तिसऱ्या महिन्यापासून ती लेकराला घेऊन बारामतीला थेरपीच्या केंद्रात जायला लागली, तेव्हा मी म्हणालो होतो, मूल खेळवायला बारामतीला कशाला जायला पाहिजे? (हे वाक्य आमची लक्ष्मीबाई अजून पाहुण्यांसमोर मला म्हणून दाखवते.) पुढं दिशाची इंदापूरच्या शाळेतली नोकरी परत सुरू झाली, संघपालची तर कारखान्यावर ड्युटी, आणि बारामतीची फेरी माझ्याकडं आली. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाकडं दुसरं काय येणार?

पहिल्याच दिवशी तिथल्या करुणाताईंनी माझ्या हातात एक कागद दिला. वर लिहिलेलं, ‘पुढच्या सहा महिन्यांची ध्येयं’. माझं वय त्रेसष्ट, मला आजवर कुणी ध्येय विचारलं नाही, आणि या पोरीला एकदम चार! आधाराला धरून उभं राहणं, चिमटीनं बारीक वस्तू उचलणं, नळीनं पिणं, आणि हातांच्या खुणेनं ‘अजून’ मागणं. मी कागद घडी करून खिशात घातला आणि मनात म्हणालो, ह्यात काय अवघड?

अवघड काय ते सांगतो. चिमटीसाठी मी ज्वारीच्या लाह्या ताटलीत मांडल्या. पोरीनं एकेक लाही अगदी नाजूक उचलली आणि माझ्या कुडत्याच्या खिशात टाकली. मला वाटलं, खेळतेय. दुपारी विहारात मंडळाच्या बैठकीत खिशातनं चष्मा काढला तर सगळ्या सतरंजीवर लाह्या. नळीचं तर विचारू नका. ताक ओढायचं कसं हे मी तिला करून दाखवलं. तिनं नीट बघितलं, नळी तोंडात धरली आणि फुंकली. ताक माझ्या मिशीत. त्यावर ती इतकी खूष झाली की दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून तिनं पहिल्यांदा ‘अजून’ची खूण केली. (म्हणजे एक ध्येय चुकलं, पण त्याच फेरीत दुसरं पदरात पडलं.) शिवाय करुणाताईंनी सांगितलेलं की लेकराशी सतत बोलायचं, जे करतोय ते तोंडानं सांगायचं. मला ती सवयच जडली. बँकेत काउंटरपुढं उभा राहून मी मोठ्यांदा म्हणालो, ‘आता आबा चष्मा लावतो, आता आबा सही करतो.’ साहेबांनी मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं.

खरी अडचण उभं राहण्याची होती. खाटेला धरून उभी केली की मऊ भाताच्या गोळ्यासारखी खाली बसायची. पंधरा दिवस गेले, मी मनातून खचलो. मग एक दिवस दाराच्या चौकटीला पितळी घंटा टांगली आणि तिला जेमतेम पुरेल अशी दोरी सोडली. दोरी ओढायची तर उभं राहायला पाहिजे. एक टोला दिला की मी अंगणात जागेवर थांबणार, दोन दिले की चालणार, अगदी सिंगल बेल, डबल बेल. आजोबाला पळवता येतंय हे कळल्यावर पोरगी बसेचना! दुपारी उन्हात मी तोंडानं घर्रर्र करत फेऱ्या मारायचो आणि लक्ष्मीबाई ओट्यावर पोरीला कमरेला धरून म्हणायची, ‘एकतीस वर्सांत पोट भरलं न्हाय का तुमचं?’

आता मागच्या मंगळवारचं ऐका. बारामतीची गाडी गच्च भरलेली. मी पुढच्या सीटवर, संबोधी माझ्या मांडीवर उभी. भिगवणचा थांबा नुकताच मागं पडला, आणि छताजवळची बेलची दोरी सैल होऊन लोंबत होती, तिच्यावर पोरीचा डोळा गेला. मी खिडकीबाहेर ऊस बघत होतो. टण! ड्रायव्हरनं गाडी गपकन बाजूला घेतली. तिथं ना थांबा, ना फाटा. कंडक्टर ज्ञानेश म्हणून नवा पोरगा आहे, तो गर्दीतनं वाट काढत आला.

‘कुणी मारली बेल? कुणाला उतरायचंय?’

दाजी, मी हजारो माणसांना हाच प्रश्न विचारलाय, आणि मी वर छताकडं बघत बसलो. तेवढ्यात मागनं ओरडत, मासळीची पाटी सावरत एक म्हातारी दारात आली. सरुबाई तिचं नाव. गाडी तिला थांब्यावरच टाकून आली होती. ‘थांबलास रं लेकरा, लई पुण्याचा हाईस!’ असं म्हणत ती आत चढलीसुद्धा. आता ज्ञानेशला तिला उतर म्हणता येईना आणि मला गप्प बसवेना. मी म्हणालो, ‘ह्या पोरीनं मारली. चूक माझी हाय, मीच शिकवलंय.’

त्यानं संबोधीकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघून बोटं टेकवली.

‘काय म्हणतीया ही, आबा?’

‘अजून पाहिजे म्हणतीया.’

ज्ञानेश हसला. ‘मग दे की बाळा डबल. गाडी तुझ्यासाठीच थांबलीय.’

मी तिला कमरेला धरायचं विसरलो होतो, हे मला नंतर कळलं. पोरगी दोरी धरून आपल्या दोन पायांवर उभी. टण. आणि मग थोडी थांबून, माझ्या तोंडाकडं बघत, टण! ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरुबाई म्हणाली, ‘कंडक्टरीणबाई, माझं तिकीट फाडा.’ मी एकतीस वर्षांत किती वेळा डबल दिली असेल, पण गाडी कधी एवढी छान सुटली नाही. बारामतीत करुणाताईंना सांगितलं तर त्यांनी उभं राहण्यापुढं बरोबरची खूण केली आणि वर शेरा लिहिला, ‘एसटीत’.

तर पोरगी कशी आहे, त्याचं उत्तर हे असं. उशीर झाला, माफी असावी.

आपला,
धोंडीबा

ता. क. लक्ष्मीबाईनं पत्र वाचलं. ती म्हणते खरं लिहा. संध्याकाळी संघपाल आणि दिशापुढं मी पोरीला डबल बेल द्यायला सांगितलं, तेव्हा तिनं सलग अकरा दिल्या. लिहिलं.

ता. क. दुसरा. अक्काचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले तरी तुम्ही खाट सोडत नाही, व्यायाम शिकवायला आलेल्या पोराला ‘म्हातारपणी कवायत शिकवतोस व्हय’ म्हणून हाकललंत आणि वॉकरला करडू बांधलंय, असं ती रडत सांगत होती. करडू सोडा आणि दोघं महिनाभर इकडं या. हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंय. उपकार म्हणून बोलवत नाही, गरज आमची आहे. करुणाताईंनी नवा कागद दिलाय, त्यात पहिलंच ध्येय ‘मोठ्या माणसाचं बोट धरून अंगणात दहा पावलं’. माझं बोट ती धरत नाही, मी भराभर चालतो. तुमच्याएवढं हळू चालणारं माणूस आमच्याकडं एकही नाही.