आशीर्वादाची संमती

वडीलबंधू लेदुमे यांस, नैरोबीहून नतिपियोनचे वंदन. राग त्याखाली आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे, असे आईला सांग. झोप उडाली आहे, हे सांगू नकोस.

कुरणे राखून त्यांत साठणाऱ्या कार्बनचे श्रेय परदेशी विकणाऱ्या त्या कंपनीने काल आपल्या गावच्या सभेची चित्रफीत मला दाखवली. डोंगरावरचे कुरण तीस वर्षे बंद ठेवायला गावाची संमती आहे, याचा म्हणे तो पुरावा. तू काठी उंचावून आशीर्वाद देत होतास आणि प्रत्येक ओळीला सारे वडीलधारे 'न्काय' म्हणून देवाचे नाव घेत होते. इथवर ठीक. मग त्यांचा साहेब अटी वाचू लागला, आणि पाहुण्याचे शब्द कोरडे पडू देऊ नयेत म्हणून तुम्ही त्याच्याही प्रत्येक ओळीला 'न्काय' म्हणत राहिलात! मला तुमच्या सौजन्याची लाज वाटली.

"ही प्रार्थनेची रीत आहे, करार नव्हे," मी त्यांच्या वकिलाला बजावले.

"बाई, देवाच्या साक्षीने दिलेला होकार तर अधिकच पक्का!" तो हसला. त्या निर्लज्जाला मी कोर्टात बघून घेईन.

कुरणाला विसावा हवा, हे मीही शिकले आहे. पण दुष्काळात गाई न्यायला आपल्याला दुसरी जागा नाही, हे शिकायला विद्यापीठ लागत नाही.

आईचा खोकला थांबला का? तांबडी व्याली का?

गुरुवारी ते सह्यांसाठी पुन्हा येतील. चहा पाजा, बोकड कापा. आशीर्वाद मात्र ते गेल्यावर द्या.

रागावलेली, तरी तुझीच धाकटी,
नतिपियोन