नलंगूतला पापड

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. कुंभकोणच्या घरी पुढच्या ओट्यावर बसवून तुम्ही माझ्याकडून तुमच्या जाडजूड शब्दकोशातले दंगामस्तीचे जुने इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायचात. रेव्हल म्हणजे गोंगाट करत मजा करणं. रॉयस्टर म्हणजे आरडाओरडा करत मिरवणं. कॅराउझ म्हणजे पेला तळापर्यंत रिकामा करत धिंगाणा घालणं. वासेल हा मुळात 'बरा राहा' असा आशीर्वाद, पुढे त्याचीच मेजवानी झाली, हे सांगताना तुमचा चेहरा उजळायचा. कॉफीखेरीज काही न पिणाऱ्या माणसाला परक्यांच्या धिंगाण्याचं केवढं कौतुक. घरात मात्र कुणी मोठ्यानं हसलं की तुमच्या कपाळाला आठ्या.

अक्काच्या लग्नाची दुपार. आत नलंगू चाललाय. नवरानवरी समोरासमोर बसून नारळ लोटताहेत, एकमेकांच्या डोक्यावर पापड फोडताहेत, बायका चिडवायची गाणी म्हणताहेत. शेजारच्या तमिळ घरांतली ही रीत आपण तिथल्या मराठी माणसांनी केव्हाच आपली केली होती. अक्कानं नवऱ्याच्या डोक्यावर पापड फोडला आणि ती खदखदून हसली. मी दहा वर्षांची. धावत ओट्यावर आले नि म्हणाले, "अप्पा, अक्का आंत कॅरोझ करते."

तुम्ही आधी माझा उच्चार सुधारलात. "शाबास," म्हणालात. मग उठून आत गेलात आणि व्याह्यांसमोर अक्काला म्हणालात, "पुरे. हें घर कीं ताडीचा गुत्ता?"

गाणं थांबलं. अक्काच्या केसांतला चुरा कुणी झटकलासुद्धा नाही. आडुतुरैच्या सासरी तिला 'ताडीवाली' हे नाव जन्मभर पुरलं. हसायची तेव्हा पदर तोंडावर धरायची. एवढे अर्थ पाठ असलेल्या माणसाला दारू आणि पापड यांतला फरक कळू नये? जळो ती विद्या.

गेल्या वर्षी, डोळे मिटण्याच्या आधी, अक्कानं पुन्हा विचारलं, "अप्पाला त्या दिवशीं कोणी सांगितलें गे?"

"मला ठाऊक नाहीं," मी म्हटलं.

खरं तर हे पत्र तिला लिहायचं होतं. तुम्हाला लिहिलं की सगळा दोष तुमच्यावर ढकलता येतो. तुमच्याच कोशात घडी करून ठेवीन. त्या दिवसाखेरीज तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नाहीत अप्पा, आणि ते आठवलं की मला अजून बरं वाटतं.