स्प्रिंगला काय झालेलं न्हाय

४ जून. सकाळी सहा.
पूर्णिमा म्हणते, पप्पा, पिस्तुलाचा ट्रिगर दाबल्यावर पुढं यायला वेळ लावतोय, स्प्रिंग बदलूया. बावीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त केली, आता लेक शिकवते. तपासली. ठणठणीत. थोडं ऑइल पुरे.

९ जून
शूटिंग क्लबच्या सेक्रेटरी सन्मती मॅडमनी नवी स्प्रिंग मागवून दिली. अण्णा, स्टेट मॅचच्या आधी घाला म्हणाल्या. घालणार. उद्याच.

१० जून
उचगावात दिवसभर लाईट नाही. अंगणात ऊन होतं, पण ते डोळ्यांवर येतं.

१४ जून
नवी स्प्रिंग खोबणीत बसेना. हल्ली माल लई बारीक काढतात. तीनदा खाली पडली, तिन्हीदा बायकोनं, मंगलनं शोधून दिली. डोळे दाखवून या म्हणाली. डोळ्यांचा काय संबंध? शेवटी जुनीच चिमट्यानं ताणून बसवली. ताणली की जोर येतो.

१५ जून
पूर्णिमानं विचारलं, बदललासा व्हय? व्हय म्हणालो. खोटं नव्हे. होती तशी ती राहिलीच न्हाय. पोरीनं दोनदा ट्रिगर दाबून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि पिस्तूल पेटीत ठेवलं.

२३ जून. बेंगळूर.
पहिल्या वीस गोळ्या सुरेख. मग ट्रिगर मागं गेला तो तिथंच. पंचांनी एकदा परत मारू दिलं. दुसऱ्यांदा अडकला तेव्हा त्या पाच गोळ्यांतले राहिलेले शॉट शून्य. चार गुणांनी राज्याच्या टीममधली जागा हुकली. ज्युनियरमधलं तिचं हे शेवटचं वर्ष. काडतुसं जुनी असणार.

२४ जून
परतीची बस. हुबळीपर्यंत पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा चहाचं विचारलं.

२८ जून
मॅडमनी पिस्तूल खोलून जुनी स्प्रिंग कागदावर ठेवली. मी काडतुसांचं सांगत होतो. मधेच पूर्णिमा म्हणाली, मॅडम, पप्पांना बारीक दिसत न्हाय. स्प्रिंग तीच हाय हे मला तवाच कळालतं. दुसऱ्याकडून बदलून घेतली असती तर ते परत रेंजवर आले नसते.
मॅडमनी स्प्रिंग कागदात गुंडाळली.

१ जुलै
बेळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. पूर्णिमा सोबत आली. फॉर्म तिनंच भरला. कधीपासून कमी दिसतं, असा प्रश्न होता. मला न विचारताच तिनं लिहिलं, दोन वर्षं.
सही कुठं करायची ते तिनं बोट ठेवून दाखवलं.