वजा झालेली दीर्घिका

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, वहिनींची पाठ कशी आहे, आणि शेकायचा तो एकच पट्टा तुम्हा दोघांना कसा पुरतो, हे सविस्तर कळव. इकडे सगळे ठीक. मी जरा कमी ठीक. नऊ रात्री गच्चीवर काढल्यामुळे नाक चोंदलंय, मान डावीकडे वळत नाही, आणि परवा दुकानात गिऱ्हाइकाचा वजनकाटा दुरुस्त करता करता त्याच्याच ताटलीवर डोकं टेकून झोपलो. (डोकं चार किलो सहाशे ग्रॅम भरलं. थोडा भार मानेने उचलला असणार, तेव्हा हा आकडा अचूक मानू नये.) फोनवर तू "काय रे, दुर्बीण काय म्हणते?" असं विचारलंस आणि मी तोंड उघडताच फोन वहिनींकडे दिलास. म्हणून लिहितोय. पत्र अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात दिलं तरी ते पुढे चालूच राहतं.

आपल्या ठरावाप्रमाणे बाबा सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे, आणि येत्या एक तारखेला तू त्यांना न्यायला येणार. त्याआधी त्यांना एक दीर्घिका दाखवायची, एवढंच मी मनाशी धरलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाने एकदा तरी असं काही बघावं, जिथे मोजणीची साखळी पुरत नाही. अडचण डोळ्यांची. त्यांना समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. दुर्बिणीला डोळा लावून दिला तर "छान आहे" म्हणाले. (माझ्या लग्नातही हेच म्हणाले होते.) म्हणून लाइव्ह स्टॅकिंग. म्हणजे डोळ्याच्या जागी कॅमेरा बसवायचा; तो दर दहा सेकंदांनी फोटो काढतो आणि लॅपटॉप ते फोटो तारे जुळवून एकावर एक रचत जातो. एका फोटोत काहीच नसतं, शंभर फोटोंत एक पुसट डाग हळूहळू उजळून वर येतो. चित्र केबलने खाली बाबांच्या खोलीतल्या टीव्हीवर. हे सगळं मी कोणालाही न विचारता शिकलो. (विचारलं असतंस तर चार दिवसांत झालं असतं, असं हिचं मत आहे. ते मी इथे फक्त नोंदवतो.)

केबल अठरा मीटर, न्हाणीघराच्या खिडकीतून आत. त्यामुळे खिडकी लागत नाही, त्यामुळे डास, त्यामुळे ही बोलत नाही. पहिल्या दोन रात्री स्टँड समतल करण्यात गेल्या (पाणसळीचा बुडबुडा केसभर पूर्वेला होता, मला ते सहन होत नाही). तिसऱ्या रात्री शेजारच्या बँकवाल्याने गच्चीवरचा दिवा लावून व्यायाम केला. चौथ्या रात्री मी काळे फोटो घेतले. हे नीट समजून घे, पुढचं सगळं यावर आहे. दुर्बिणीला झाकण लावून चाळीस फोटो काढायचे. त्यांत उतरते ती फक्त कॅमेऱ्याची स्वतःची घाण, आणि लॅपटॉप ती मग प्रत्येक फोटोतून वजा करतो. आमच्या धंद्यात रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणतात, तेच. या सगळ्याची मी सव्वीस पायऱ्यांची यादी केली आहे, आणि अंधारात दिवा लावावा लागू नये म्हणून सगळ्या पायऱ्यांवर संध्याकाळीच बरोबरच्या खुणा करून ठेवतो.

त्या रात्री टीव्ही मिट्ट काळा. डोक्यावर आकाशभर तारे आणि लॅपटॉप म्हणतो, तारे सापडले नाहीत. बाबा स्वेटर घालून अकरापर्यंत त्या काळ्या पडद्यासमोर बसले. "येईल," एवढंच म्हणाले. पाचव्या रात्री तारे आले, पण प्रत्येकाच्या शेजारी एक काळा तारा, आणि दीर्घिकेच्या करड्या डागाला खेटून तेवढंच मोठं भोक. ती आकाशातली धूळ आहे असं मी बाबांना सांगितलं आणि तिच्यावर अर्धा तास बोललो. सहाव्या रात्रीही बोललो. शिवाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना चार पानी तक्रार पाठवली.

सातव्या रात्री बाबा पडद्यापासून वीतभर अंतरावर, मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने बघत होते. म्हणाले, "काल हे भोक डावीकडे होतं. आज खाली आहे."

"असेल."

"असेल काय? हद्द रात्रीतून सरकत नाही, मोजणारा चुकतो. तू वजा काय करतोस?"

मी झाकणाचं सांगितलं. त्यांनी मांडीवरच्या गोळ्यांच्या डब्या एकेक करून बाजूला ठेवल्या आणि ज्या ताटात त्या होत्या, ते ताट माझ्यापुढे धरलं. "हेच का ते?"

दादा, तेच. दुर्बिणीचं तोंड केवढं आहे ते बोटांना कळावं म्हणून चौथ्या दिवशी दुपारी मीच झाकण त्यांच्या हातात दिलं होतं, आणि यादीत झाकणाच्या पायरीवर खूण संध्याकाळीच झाली होती. म्हणजे मी चाळीस वेळा दीर्घिकेचाच फोटो काढून ती कॅमेऱ्याची घाण म्हणून नोंदवली, आणि लॅपटॉप इमानाने दीर्घिकेतून दीर्घिका वजा करत बसला (पुढच्या रात्रींना दुर्बीण केसभर वेगळी लागली, म्हणून भोक शेजारी). भरलेलं भांडं ठेवून काटा शून्यावर आणणारे दुकानदार मी एका नजरेत ओळखतो. "तुला परवाना कोणी दिला?" बाबांनी विचारलं. ही न्हाणीघरातून हसली. चार दिवसांनी तिचा आवाज ऐकला, तो मी जमेस धरला.

आठव्या रात्री झाकण लावून (हाताने चाचपून, दोनदा) नवे काळे फोटो घेतले, तेवढ्यात ढग आले. नवव्या रात्रीही ढग. आता चंद्र मोठा होत चाललाय आणि त्याच्या उजेडात असल्या पुसट गोष्टी बुडतात. थकलोय रे. स्टँड उचलून जिना चढायचं नुसतं मनात आलं तरी बसावंसं वाटतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. एक तारखेऐवजी अकराला ये. तोवर चंद्र उशिरा उगवायला लागेल. दहा दिवस मला पुरतील.

आणखी ता. क. खोटं वजन देणं माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून लिहितो. नवव्या रात्रीचे ढग साडेनऊपर्यंतच होते. मग दीर्घिका आली. आधी नुसता डाग, मग डागाला मध्य, मग एक तिरपी कड. बाबा सव्वा तास हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "अशा किती आहेत?" मी म्हटलं, नवशिक्यांच्या यादीत एकशे दहा गोष्टी आहेत, सगळ्या दीर्घिकाच आहेत असं नाही. "चालेल. रोज एक धर. आणि आज दिसली म्हणून थोरल्याला कळवू नकोस, तो गाडी घेऊन येईल."

तेव्हा मी तुला काही कळवलेलं नाही. त्यांची जाड रजई तुझ्याकडे आहे, ती पाठवून दे.