भट्टीवरचे चौदा दिवस

४ मे, सोमवार
ऑर्डर हातात पडली. चौदा दिवस हीट ट्रीटमेंटला, म्हणजे सरळ भट्टीवर. कारण: ‘क्रीडा सराव’. नऊ वर्षं सीएमएम रूममध्ये, मोजणीच्या मशीनवर, गिअरची मोजमापं काढतोय. तिथं बारा महिने वीस अंश, मशीनला ऊन चालत नाही म्हणून. माणसाला चालतं, असं दिसतंय.

डोकं सुभेदारांचं. आर्मीतून रिटायर, शेजारच्या निघोजे गावचेच, आता कंपनीत सिक्युरिटी इन्चार्ज आणि आमच्या पळणाऱ्या टीमचे गुरुजी. म्हणाले, “मागल्या साली सातव्या किलोमीटरला आडवा झालास. दम हाय तुज्यात. अंगाला ऊन ठाऊक न्हाई. राजस्थानात आमी नव्या पोरांना चौदा दिवस उन्हात मुरवायचो, मग कामाला लावायचो.” मुरवायला मी काय लोणचं आहे?

खटकलं ते वेगळंच. क्वालिटीच्या साहेबांनी एका मिनिटात सही केली. एरवी एक दिवसाची रजा मागितली तर तीन दिवस कपाळाला आठ्या.

५ मे
माझ्या खुर्चीत कुणाल. ट्रेनी. साहेबांच्या बहिणीचा मुलगा, असं कँटीनमध्ये बोलतात. मला बघून म्हणाला, “दादा, तुम्ही परत येईपर्यंतच हां.” मी विचारलंच नव्हतं.

भट्टीचं दार उघडलं की भुवया भाजतात. गिअरच्या जाळ्या आत, बाहेर, तेलात. साडेतीनला सुटल्यावर उन्हातच कंपनीला तीन फेऱ्या. मग सुभेदार (वहीत यापुढे ‘सुभे.’) नाडी मोजतात, मनगटावर स्वतःची बोटं ठेवून. १७२. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे. बायको, मंगल, म्हणाली, धुवायला टाकू की पापडाच्या पिठात?

७ मे, गुरुवार. सुट्टी.
रेस २८ ला, गुरुवारच. कंपन्या-कंपन्यांची, दहा किलोमीटर. सुटणार दुपारी चारला, कारण बक्षिसाला येणाऱ्या साहेबलोकांना संध्याकाळ सोयीची. गेल्या वर्षी मला स्ट्रेचरवरून नेलं, मंगलच्या समोरून. वर लोक हसले, धाराशिवचा गडी आणि ऊन लागलं. ते अजून विसरलो नाही. पण खुर्चीही विसरवत नाही. नऊ वर्षांत तेवढीच एक कमावली.

८ मे
सुभे. म्हणाले, आता सोमवारी नाडी बघीन, तोवर फेऱ्या आपापल्या मारा. बरं झालं. जेवणानंतर ‘जुना रिपोर्ट शोधतो’ म्हणून सीएमएम रूममध्ये. दीड तास. साडेतीनला फेऱ्यांऐवजी परत तिथंच, पाचपर्यंत. लक्ष ठेवलेलं बरं. कुणालने खुर्चीची उंची बदललीय.

१० मे
तिसरा दिवस तेच. भट्टीवरून उठायचं, गारव्यात बसायचं. कुणालने कॅलिब्रेशनची फाईल स्वतःच्या कपाटात ठेवली. का? विचारलं तर म्हणे साहेबांनी सांगितलं.

११ मे, सोमवार
तीन फेऱ्या. नाडी १७०. सुभे. हात सोडेनात.
“आठवड्यात दोन ठोकं? शिफ्टभर कुटं असतोस?”
“भट्टीवर.”
“जाधवा, क्यामेरे माज्याकडंच हायती.”
ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तुजी खुर्ची तू राखलीस, अंग न्हाई राखलंस. उद्यापास्नं पुन्ना पयल्यापास्नं.”

संध्याकाळी नवी ऑर्डर. २७ पर्यंत. म्हणजे खुर्ची सांभाळायला गेलो आणि कुणालला आणखी आठवडा माझ्याच हाताने दिला. हसावं की रडावं. साहेबांची सही पुन्हा एका मिनिटात.

१२ मे
सीएमएमकडे फिरकलो नाही. दारावरून गेलो, बघितलंसुद्धा नाही. थोडं बघितलं.

१५ मे
डोकं जड, पाय शिशाचे. फेऱ्या संपताना ओकारी येईल असं वाटलं. सुभे. नी थांबवलं, सावलीत बसवलं, मानेवर ओलं फडकं. “झेपंल तेवडंच. मरायचं न्हाई.” दिवसाला दोन बाटल्या लिंबूपाणी सक्तीचं. काय घालतात त्यात कुणास ठाऊक. अर्धी बाटली घरी आणली. मंगलने चाखली. “मीठ, साखर, लिंबू. संशय तुम्ही वरून घातलाय.”

१८ मे
नाडी १५८. भट्टीपुढे उभं राहिलं की लगेच घाम सुटतो, पूर्वी उशिरा यायचा आणि मग थांबायचा नाही. शर्टावरचे पांढरे पट्टे जवळजवळ गेले. सुभे. म्हणतात, अंग आता मीठ राखायला शिकलं. मंगल शर्ट उलटापालटा करून बघत होती. “अहो, खरंच कामावर जाता ना?” घरात संशय घ्यायचं काम माझं होतं.

२१ मे, गुरुवार
भर दुपारी रहाटणीतून काळेवाडीपर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही. बरं वाटलं. हे कबूल करायला जीव जातो.

२५ मे
१४६. सुभे. नी दोनदा मोजली. हसले नाहीत, पण मिशी हलली. भट्टीचे फोरमन मागून म्हणाले, “असा न कुरकुरता टिकणारा माणूस इथं पाहिजे, राव.” कुरकुरतो मी, फक्त वहीत. पण ते असं का म्हणाले? सुभे. नी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे.

२८ मे, गुरुवार
संपवली. बावन्न मिनिटं, चौथा.

सातव्या किलोमीटरला आयटीवाली दोन पोरं फुटपाथवर बसली होती, त्यातला एक माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी त्यांच्या पुढून गेलो आणि श्वास माझ्या हातात होता. शेवटी मंगल दिसली. डोळ्यांत पाणी आलं. घाम नव्हता तो. सुभे. लांब उभे होते, जवळ आले नाहीत. मीच जाऊन पाया पडलो.

२९ मे, शुक्रवार
सीएमएम रूम. आत गेलो आणि हुडहुडी भरली. कुणाल उठून उभा राहिला, “बसा ना दादा.” बसलो. भिंतीवर जूनचं वेळापत्रक लावलेलं. पहिली शिफ्ट: कुणाल. माझं नाव कुठेच नाही. खालीवर दोनदा वाचलं.

साहेबांनी बोलावलं. गोड बोलले. भट्टीवाल्यांनी मला कायमचं मागितलंय. सीनियरची ग्रेड. “जबरदस्ती नाही हं जाधव. सोमवारी फॉर्मवर सही करून द्या, किंवा नका देऊ.” नाही दिली तर कुठे बसायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

३० मे
गेटवर सुभे. ना गाठलं. सरळ विचारलं, “मला भट्टीवर ठेवायचं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”
त्यांनी रजिस्टर मिटलं. 
“तवा सांगितलं असतं, तर पळाला असतास?”
“हे उत्तर नाही झालं.”
“न्हाई झालं. व्हय, ठावं हुतं.”
ट्रक आला, ते उठले.

राग आला. अजून आहे. या माणसाच्या मी परवा पाया पडलो.

३१ मे, रविवार
सकाळी सुभे. चा लेखी निरोप, दुसऱ्या गार्डच्या हाती: ऑक्टोबरच्या उन्हात मोठी रेस आहे, गारव्यात बसलास तर दोन-तीन आठवड्यांत कमावलेलं सगळं उतरेल. हे पळणाऱ्याच्या काळजीने लिहिलंय की साहेबांच्या सांगण्यावरून? चार वेळा वाचला. अक्षर त्यांचंच.

मंगल म्हणते, खुर्ची हवी तर भांडा, भट्टी हवी तर जा, पण दोन्हींकडे बघत बसू नका. तिला सोपं आहे. तिला कुणी फसवलेलं नाही. मलाही फसवलंय की नाही, तेच कळेना.

साडेतीनला सुटलो. फेऱ्या मारायचं काही कारण नव्हतं. तरी तीन मारल्या, एकट्यानेच. नाडी स्वतः मोजली. १४४.

फॉर्म पिशवीत आहे. उद्या सोमवार.